412 आणि 413 यांच्यामध्ये

माझ्या नमुनावहीत क्रमांक 412 आणि क्रमांक 413 या नोंदी एकाच पानावर, एकाखाली एक आहेत. पहिली नोंद 9 ऑक्टोबर 2022 ची आहे: सड्यावरचा गेंद, बी धरलेला, पाणी आटत आलेल्या खोलगट जागेतून घेतलेला. दुसरी 6 जुलै 2024 ची आहे: फोडशी, फुलावर आलेली, मातीची खोली चार सेंटीमीटर. दोन ओळींच्या मध्ये रिकामी जागा सोडलेली नाही, कारण नमुन्यांचे क्रमांक सलग असावेत असा शिरस्ता आहे. त्यामुळे वही चाळणाऱ्याला काहीच वेगळे जाणवत नाही. या दोन ओळींच्या फटीत जवळजवळ एकवीस महिने, एक अख्खा पावसाळा आणि माझ्या मुलीचा जन्म आहे.

माझा विषय सिंधुदुर्गातल्या सड्यांवरच्या पावसाळी वनस्पतींचा आहे. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे, सपाट पठार. आठ महिने तो तव्यासारखा तापतो आणि त्यावर जीव म्हणून काही असेल असे कोणाला वाटत नाही. जूनमध्ये पाऊस लागला की दगडाच्या खळग्यांत साचलेल्या बोटभर मातीतून एकेक रोप वर येते. सीतेची आसवे, दवबिंदू, गेंद, रानतेरडा या साऱ्यांना उगवणे, फुलणे आणि बी टाकणे हे चार महिन्यांत उरकावे लागते. सीतेची आसवे आणि दवबिंदू तर किडे पकडून खातात, कारण त्या पातळ मातीत त्यांना पुरेसे नत्र मिळत नाही. मी सड्यावर एक मीटर बाय एक मीटरच्या वीस चौकटी आखल्या आहेत. कोपऱ्यांना रंगवलेले खिळे आणि त्यांना बांधलेली सुतळी एवढीच त्यांची खूण आहे. जून ते ऑक्टोबर दर पंधरा दिवसांनी त्या प्रत्येक चौकटीत बसून कोणते रोप किती, किती उंच, कळी की फूल की फळ, हे मोजायचे असते. हे काम बसून म्हणण्यापेक्षा गुडघे टेकून आणि कधी पालथे पडून करावे लागते. काही फुले अवघ्या काही मिलिमीटरची असतात आणि दहापट मोठे दाखवणारे भिंग डोळ्याला लावल्याशिवाय ओळखू येत नाहीत. वहीत पेन्सिलीनेच लिहायचे, कारण पावसात शाई राहत नाही.

आता या जून ते ऑक्टोबरच्या शेजारी आपले पंचांग ठेवून पाहावे. आषाढी, नागपंचमी, मंगळागौर, नारळी पौर्णिमा, हरतालिका, गणपती, गौरी, पितृपक्ष, नवरात्र. सड्याचा आणि घराचा हंगाम एकच आहे. हा योगायोगही म्हणता येणार नाही. शेतकरी समाजाने लावणी उरकल्यावरच्या आणि रान हिरवे असतानाच्या दिवसांतच सण बसवले आणि पूजेला त्या दिवसांत हाताशी येणारी पाने-फुले सांगितली. गणपतीच्या एकवीस पत्रींत आघाडा, माका, डोरली, रुई, शमी असतात ते त्यामुळेच. वनस्पतीशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला हे सारे फार सुंदर वाटते. मात्र सून म्हणून त्या पाच महिन्यांतल्या एकाच दिवशी मला पुरणही वाटायचे असते आणि चौकटही मोजायची असते.

करिअर, मूल आणि परंपरा यांचा समतोल कसा साधता, असे मला पुष्कळ जण विचारतात, आणि त्या प्रश्नातला समतोल हा शब्दच मला पटत नाही. समतोल म्हटला की तागडी डोळ्यांपुढे येते, आणि तागडीच्या पारड्यातले वजन थोडे काढता येते, थोडे घालता येते. माझ्यापुढची अडचण वजनाची कमी आणि वेळापत्रकाची जास्त होती. सीतेच्या आसवांनी फुलायचे ठरवले त्या आठवड्यात मी सड्यावर नसेन, तर ती फुले मला पुढच्या वर्षीच दिसणार. तान्ह्या मुलीला भूक लागली त्या क्षणी मी नसेन, तर ती भूक उद्यावर ढकलता येत नाही. आणि गौरी ज्या दिवशी यायच्या त्याच दिवशी येतात.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2016 च्या नियमावलीत संशोधक स्त्रियांना प्रसूती आणि बालसंगोपनासाठी एकूण 240 दिवसांपर्यंत रजा देण्याची तरतूद आली आणि 2022 च्या नियमावलीतही ती राहिली. पीएचडीची कमाल मुदत सहा वर्षे, पुनर्नोंदणीने आणखी दोन, आणि स्त्रियांना त्याहून आणखी दोन अशी सोय आहे. ही तरतूद नसती तर माझी नोंदणीच रद्द झाली असती, त्यामुळे तिला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. पण नियम दिवस मोजतो आणि माझा अभ्यास पावसाळे मोजतो. मुलगी 2023 च्या जूनच्या मध्यावर झाली. मे महिन्यात सुरू झालेली रजा जानेवारीच्या आरंभी संपली, आणि मी कामावर हजर झाले तेव्हा सडा वाळून तपकिरी झालेला होता. पुढचे साडेपाच महिने मोजण्यासारखे तिथे काहीही नव्हते. कागदावर माझे 240 दिवस गेले आणि प्रत्यक्षात एक वर्ष गेले. एका बैठकीत एका ज्येष्ठ सदस्यांनी माझ्या तक्त्यातला 2023 चा मोकळा रकाना बोटाने दाखवून, "हा डेटा का नाही?" असे विचारले. मी कारण सांगितले. त्यावर ते अगदी सौम्यपणे म्हणाले, "ते ठीक आहे हो, पण प्रबंधात तसं लिहिता येत नाही." मला अजूनही वाटते की लिहिता यायला हवे. अतिवृष्टीने चौकटी वाहून गेल्या असत्या तर ते कारण छापता आले असते.

सातबाऱ्यावर सड्याची जमीन बहुधा पोटखराबा म्हणून दाखवलेली असते. तिची नोंद असते, क्षेत्रही लिहिलेले असते, पण लागवडीस अयोग्य म्हणून ती हिशेबाबाहेर राहते. म्हणूनच ती चिरेखाणीला किंवा सुरुंग लावून आंबा-काजूच्या कलमांना सहज दिली जाते, आणि तिथे काय उगवत होते हे विचारायला कोणी येत नाही. माझ्या त्या एकवीस महिन्यांची स्थिती थोडीफार अशीच आहे.

त्या महिन्यांत मी नुसती बसलेली नव्हते, हे आपले सांगून ठेवते. गरोदरपणी मी नमुन्यांच्या संग्रहालयात जाऊन जुने नमुने तपासणार होते, पण तोही बेत बदलावा लागला. आपल्याकडे सुकवलेल्या वनस्पतींना कीड लागू नये म्हणून वर्षानुवर्षे मर्क्युरिक क्लोराईडच्या द्रावणात बुडवून मगच कागदावर चिकटवत आले आहेत. तो पारा त्या कागदांवर आजही आहे. पोटात मूल असताना ते कागद हाताळणे योग्य नव्हते, म्हणून मी छायाचित्रांवरून जमेल तेवढे काम केले आणि उरलेला वेळ मातीच्या खोलीची जुनी मापे तक्त्यात भरण्यात घालवला. इकडे घरात ग्रहणात काही चिरू नकोस, तिन्हीसांजेला उंबऱ्यात उभी राहू नकोस, अशा सूचना चालू असत आणि मी त्यांच्याकडे हसून दुर्लक्ष करीत असे. गंमत अशी की खरा धोका माझ्या आधुनिक, शास्त्रीय कपाटात होता आणि त्याबद्दल मला कोणीही आपणहून बजावले नव्हते. मी स्वतः एका लेखात वाचले तेव्हा सावध झाले.

बाळंतपण माहेरी झाले. सव्वा महिना शेक, ओव्याची आणि बाळंतशेपांची धुरी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, कानाला बांधलेला रुमाल. यातले काय मानायचे आणि काय नाही यावर मी आईशी पुष्कळ वाद घातला. धुरी मी बंद करायला लावली, कारण तान्ह्या बाळाच्या छातीत धूर जाऊ नये असे डॉक्टरांनीही सांगितले होते. अळीव मात्र मी आनंदाने खाल्ले. आई म्हणाली, "तुला पटतं तेवढीच परंपरा, होय ना?" मी म्हटले, "होय." आज विचार केला की वाटते, तिनेही तेच केले होते. तिच्या आईने तिला जे खायला घातले होते त्यातले निम्मे तिने मला घातले नाही.

पाचवीच्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते, म्हणून पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. त्या रात्री घरात चालणारे पेन सापडेना. सासूबाई गावाहून आल्या होत्या. त्यांनी माझ्या पिशवीत हात घालून सड्यावर वापरायची ती तोकडी पेन्सिल काढली आणि कागदाशेजारी ठेवली. सटवाईवर माझा विश्वास नाही. तरीही ती पेन्सिल नंतर मी वापरली नाही, आणि ती का वापरली नाही याचे शास्त्रीय कारण माझ्याजवळ नाही.

अशा वेळी आधीच्या बायकांकडे पाहायचा मोह होतो. आनंदीबाई जोशी यांनी 1886 मध्ये फिलाडेल्फियात वैद्यकीची पदवी घेतली तेव्हा प्रबंधासाठी निवडलेला विषय हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा होता. चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे मूल दहा दिवसांत गेले होते. आपल्या दुःखाला परंपरेच्या पोथ्यांसह अभ्यासाच्या टेबलावर मांडणारी ती विशीतली मुलगी मला फार जवळची वाटते. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी यांना बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश देतानाच अटी घातल्या गेल्या होत्या, आणि 1939 मध्ये त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी 1930 मध्ये बर्लिनहून डॉक्टरेट आणली, तीन मुले वाढवली आणि देशभर हिंडून माणसांची मापे घेतली. त्यांची स्कूटर सर्वांना ठाऊक असते. त्या दौऱ्यावर असताना मुलांना जेवायला कोण वाढत होते, शाळेच्या वहीवर सही कोण करत होते, ही माहिती मला स्कूटरपेक्षा अधिक उपयोगी पडली असती.

2024 च्या जुलैत मी पुन्हा सड्यावर गेले तेव्हा मुलगी तेरा महिन्यांची होती आणि अंगावर पीत होती. ठरले असे की पावसाळाभर मी तिला घेऊन सासरीच राहायचे. सड्यावर घरापासून चालत चाळीस मिनिटे लागतात. पहिल्या दिवशी मी तिला सासूबाईंकडे ठेवले आणि तिसऱ्या चौकटीपर्यंत पोचले तेव्हाच छाती दाटून आली होती. पाऊस, गुडघ्याखाली टोचणारा जांभा, डोळ्याला भिंग, आणि कुडत्याचा पुढचा भाग पावसाने भिजला आहे की दुधाने ते कळू नये अशी स्थिती. मी पाच चौकटी मोजून परतले. वीस चौकटी एका दिवसात मोजल्या पाहिजेत असा माझाच नियम होता. तो मी त्या रात्री बदलला आणि चार दिवसांचा केला. मार्गदर्शकांना तसे कळवले, आणि त्यांनी फक्त एवढेच विचारले की मग चौकटींचा क्रम दर वेळी तोच ठेवशील ना. त्या एका प्रश्नाने मला फार हायसे वाटले. त्यांना माझ्या कामाची काळजी होती आणि माझी कीव येत नव्हती.

सासूबाई शाळेत चौथीपर्यंत गेल्या आहेत. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "चेडवाक माज्याकडे दी आणि तू जा सड्यार. दूध पिवक झाला काय मी घेवन येतंय वर." आणि खरोखरच त्या दुपारी मुलीला कडेवर घेऊन, डोक्यावर छत्री धरून, सड्यावर आल्या. मी कातळाच्या आडोशाला मुलीला पाजत बसले आणि त्या माझ्या चौकटींभोवती हिंडू लागल्या. आमच्याकडे गणपतीच्या वर लाकडी माटवी बांधतात आणि तिला रानातली फळे-फुले टांगतात: कवंडळ, कांगणी, शेरवड, हरणाची फुले, आंबाडे, सुपारीचे घोस. चाळीस वर्षे ती माटवी सजवायला लागणारे सारे गोळा करण्याचे काम सासूबाईंनी केले आहे. कोणती वेल कुठल्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, चढते, कवंडळ कोणत्या वर्षी पिकून लाल मिळाले आणि कोणत्या वर्षी हिरवेच टांगावे लागले, हे त्यांना आठवते. हरणाची फुले पूर्वी मागच्या परड्यातच मिळत, आता चिरेखाणीपलीकडे जावे लागते, हेही त्यांनी सहज सांगितले.

हे ऐकताना माझ्या लक्षात आले की गणपती दर वर्षी त्याच तारखेला येत नाहीत, आणि वेलींना तिथी कळत नाही. 2022 मध्ये चतुर्थी 31 ऑगस्टला होती, 2023 मध्ये 19 सप्टेंबरला, 2024 मध्ये 7 सप्टेंबरला. म्हणजे अमुक वर्षी कवंडळ लाल होते असे बाई सांगतात तेव्हा जुने पंचांग काढून तारीख लावता येते, आणि ती फळ पिकण्याची एक नोंद ठरते. चंद्राचे बारा महिने 354 दिवसांत संपतात, सूर्याला 365 लागतात. दर वर्षी अकरा दिवसांनी मागे पडणारा हिशेब जुळवायला अधूनमधून अधिक मास घालतात. 2023 चा अधिक श्रावण त्यापैकीच, आणि मुलीच्या पहिल्या पावसाळ्यात धोंड्याचा महिना आला म्हणून माझ्या नवऱ्याला माहेरी अनारसे खायला मिळाले ते वेगळेच. विद्यापीठाच्या नियमांत मुदतवाढीसाठी अर्ज करावा लागतो, कारणे द्यावी लागतात. पंचांगाने ती सोय आपणहून करून ठेवली आहे.

माझ्या वहीच्या मागच्या पानांवर आता सासूबाईंच्या आठवणींचा वेगळा तक्ता आहे. त्याला प्रबंधात किती जागा मिळेल ते ठरायचे आहे. पण यावरून सासू-सुनेचे सारे सुरळीत झाले असे कोणी समजू नये. गौरीच्या नैवेद्याला सोवळ्यात सोळा भाज्या करायच्या असतात आणि मी पाचच करीन म्हटल्यावर घरात दोन दिवस कोणी धड बोलले नाही. परंपरा राखली पाहिजे असे सांगणारे आमच्याकडे पुष्कळ पुरुष आहेत. त्यांच्यापैकी एकानेही आजवर अळूची देठे सोललेली मी पाहिली नाहीत. ज्या कामाला हात लागतात ते काम कोणाच्या हातांनी होणार, हे न विचारता संस्कृतीवर बोलणे मला आता ऐकवत नाही. त्या वर्षी नवऱ्याने नारळ खवले, पाने मांडली आणि भांडी घासली. त्यावर एका चुलत सासूबाईंनी "बिचारा" असा शब्द उच्चारला.

याच नवऱ्याने माझा सर्वांत मोठा घोटाळा केला. आमच्याकडे गौर तेरड्याची असते. मुळांसकट उपटलेली तेरड्याची रोपे एकत्र बांधून, हळदीकुंकू लावून ती घरात आणतात. 10 सप्टेंबर 2024 ला गौरी आवाहन होते. मी पहाटेपासून स्वयंपाकघरात अडकले होते, म्हणून रोपे आणायला तो आणि त्याचा चुलतभाऊ गेले. उंच, भरगच्च, टपोऱ्या फुलांची रोपे घेऊन आले आणि सगळ्यांनी वाखाणली. दुसऱ्या दिवशी दुपारी मला थोडी सवड मिळाली तशी मी सड्यावर गेले. चौकट क्रमांक 14 च्या सुतळीचे एक टोक सुटलेले होते आणि आतल्या मातीत नऊ खड्डे होते. 2022 पासून मी मोजत असलेल्या चौकटीतली सगळ्यांत चांगली तेरड्याची ठिकाणे ती होती. खिळा त्यांना दिसला होता, पण तो कोणाच्या तरी जमिनीच्या हद्दीचा असेल असे वाटले, असे नंतर कळले.

मी घरी आले तेव्हा ती नऊ रोपे पाटावर होती, साडी नेसलेली, मुखवटा बसवलेला. शेजारणी ओट्या भरत होत्या. मुलगी त्या फुलांकडे हात करून काही तरी बोलत होती. मला राग इतका आला होता की मी मागच्या पडवीत जाऊन बसले. रडू आले हेही खरे. थोड्या वेळाने मी आत गेले, गर्दी ओसरली होती, आणि मी गौरीसमोर पट्टी घेऊन बसले. ज्यांची देठे पदराखालून दिसत होती त्यांची उंची मोजली, फुले आणि कळ्या मोजल्या. सासूबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. त्या काही म्हणाल्या नाहीत. मग त्यांनी वाकून साडीची निरी थोडी बाजूला धरली, म्हणजे मला उरलेली चार देठे मोजता आली.

शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिले: "नऊ रोपे गौरीसाठी उपटली. मापे उपटल्यानंतर घेतली." पुढच्या बैठकीत ती चौकट वगळावी का यावर चर्चा झाली. वगळायची नाही असे मी म्हटले. सड्यावर गुरे चरतात ती आपण नोंदतोच, मग माणसे गौर आणतात हेही नोंदले पाहिजे. ते मान्य झाले.

मागच्या वर्षी, 2025 मध्ये, गौरी 31 ऑगस्टला आल्या. सकाळी आम्ही तिघी सड्यावर गेलो: सासूबाई, मी आणि सव्वादोन वर्षांची मुलगी. चौकट 14 मध्ये अकरा तेरडे होते, त्यांतले सात फुललेले. सासूबाई सुतळीपाशी थांबल्या, आत पाहिले, "हीच बरी आसत गो," म्हणाल्या, आणि दहा पावले पलीकडे जाऊन जरा खुरटी रोपे उपटू लागल्या. मुलीने एक रोप दोन्ही हातांनी छातीशी धरले होते. त्याच्या मुळांतली लाल माती तिच्या फ्रॉकवर गळत होती आणि ती ते कोणालाच द्यायला तयार नव्हती. मी गुडघे टेकले आणि उंची लिहायला घेतली. पहिले रोप, 34 सेंटीमीटर.